अकराशे बारा घारी

"माणूस ज्या दिवशी आकाशाचा हिशेब ठेवणं सोडेल, त्या दिवशी संस्कृतीचा अस्त होईल."

हे वाक्य काळ्या दगडावर कोरून आमच्या डोंगरावरच्या चौथऱ्यात बसवायचं ठरलं होतं. पाथरवटाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "संस्कृतीच्या जागी जग चालेल का? त्या जोडाक्षरात माझी छिन्नी घसरते." शिवाय वाक्य एवढं लांबलं तर खाली नावाला जागा उरणार नाही, नाव गवतात जाईल, असंही त्याने सांगितलं.

नाव गवतात जाणार हे ऐकताच वाक्याच्या कर्त्याने संस्कृती जागच्या जागी सोडून दिली. "जग करा," ते म्हणाले. "नाव मात्र ठसठशीत हवं."

वाक्याचे कर्ते म्हणजे आमच्या पक्षिगणना मंडळाचे प्रमुख, मापाडी. हे अर्थात टोपणनाव. वजनमापे खात्यात ते एकतीस वर्षं निरीक्षक होते आणि पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवणाऱ्या दुकानदारांना त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. निवृत्त झाल्यावर जमिनीवर मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यांनी मान वर केली. तेव्हा त्यांना घारी दिसल्या. घारींचं दुर्दैव, दुसरं काय.

आमचं काम सांगायला सोपं आहे. वसंतात शिकारी पक्षी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. थोडे गरुड, थोडे ससाणे, आणि बाकी सगळ्या मोहोळ घारी, म्हणजे मधमाश्यांची पोळी फोडून खाणाऱ्या. ऊन चढलं की खिंडीतून गरम हवा वर उठते. त्या हवेवर पंख पसरून घारी गोल गोल चढतात आणि पुरेशा उंच गेल्या की घसरगुंडीवरून सुटल्यासारख्या उत्तरेला निघून जातात. आम्ही चौथऱ्यावर बसून त्या मोजतो, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. डावीकडे एक वाळलेलं झाड आहे, उजवीकडे लोखंडी मनोरा. दोन्हींच्या मध्ये एक रेषा आहे असं समजायचं. ही रेषा घारींना कुणी दाखवलेली नाही, पण त्यांनी ती ओलांडली की आमच्या हातातला काउंटर अंगठ्याने दाबायचा. खट्. एक. दर तासाला काउंटरवरचा आकडा मला सांगायचा, मी तो नोंदवहीत लिहायचा, आणि मोसम संपला की वही महासंघाकडे पाठवायची. महासंघ ती कपाटात ठेवतो. हे सगळं कशासाठी, असं विचारणारा माणूस मंडळात दुसऱ्या वसंतापर्यंत टिकल्याचं मला आठवत नाही.

मंडळाचे नियम तेवीस. सगळे मापाड्यांनीच केलेले आणि प्लास्टिकमध्ये घालून चौथऱ्याच्या भिंतीवर ठोकलेले. त्यातला तिसरा त्यांचा विशेष लाडका होता. मोजताना मनात आकडा धरू नये, मन फसवतं, यंत्र फसवत नाही. "अंगठा त्याचं काम करील, डोळा त्याचं. मध्ये डोक्याची लुडबुड नको," असं ते नव्या सभासदांना बजावत. या बाबतीत स्वतःचा आदर्श त्यांनी कायम डोळ्यांपुढे ठेवला होता.

त्यांचा विक्रम अकरा वर्षांपूर्वीचा. एका दिवसात एका माणसाने मोजलेल्या घारी, अकराशे बारा. त्या दिवशी मी दाढ धरून घरी पडलो होतो. बाकीचे सभासद सकाळचं धुकं बघून पायथ्यावरूनच माघारी फिरले होते. चौथऱ्यावर होते फक्त मापाडी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, विणकामाची पिशवी घेऊन. नोंदवहीत मापाड्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, "सात ते आठ: दाट धुकं. घारी चारशे पंधरा."

या तासाला मंडळात 'सुवर्णतास' म्हणतात. दर वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी मापाडी त्यावर पाऊण तासाचं व्याख्यान देत. "त्या तासात मला माझं भान नव्हतं," ते डोळे मिटून सांगत. "अंगठा आपोआप चालत होता. वर बघितलं तर धुकं, खाली बघितलं तर आकडा. चारशे पंधरा! मी स्वतःलाच विचारलं, एवढ्या आल्या कधी? पण यंत्र खोटं बोलत नाही." इथे टाळ्या पडत. मीही वाजवत असे. खुर्च्या त्यांच्या घरून आलेल्या असत, तेव्हा न वाजवून चालणारं नव्हतं.

तो काउंटर त्यांनी पुन्हा शून्यावर आणलाच नाही. गावात सायकल दुरुस्तीच्या दुकानावर मंडळाची एक खोली आहे. तिथे एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून आणलेलं काचेचं कपाट आहे आणि त्यात, चष्म्याच्या डबीतल्या निळ्या मखमलीवर, तो काउंटर. १११२. विक्रमानंतर लगेच दोन नियम वाढले. नववा: ज्या यंत्रावर विक्रम झाला ते त्या आकड्यासह जपलेलं नसेल तर विक्रम बाद. आणि चौदावा: जो पक्षी रेषा उलटी ओलांडून दक्षिणेला येईल तो वजा. त्यासाठी प्रत्येकाच्या डाव्या हातात दुसरा काउंटर आला. चौदावा नियम विक्रमाच्या आधी का नव्हता, तर आधी विक्रम नव्हता म्हणून.

आणखी एक नियम त्याच आठवड्यातला आहे, सहावा. मधली एक जागा रिकामी होती तिथे बसवला. चौथऱ्यावर विणकाम आणू नये, सुयांच्या चकाकीने पक्षी बिचकतात. ज्या दिवशी चारशे पंधरा घारी धुक्यातून आल्या त्या दिवशी सुया पिशवीत होत्या की बाहेर, हे कुणी विचारलं नाही. वहिनी मात्र पुन्हा कधी वर आल्या नाहीत. खोलीवरही नाही, कारण खोलीवर बायकांसाठी खुर्ची नाही असं मापाड्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. उलट थंडीच्या सकाळी चौथऱ्यावर कुडकुडत ते आम्हाला ऐकवत, "आमच्याकडे स्वेटर आहे हो, पण एका बाहीचा. अकरा वर्षं झाली! सुरू करायचं आणि सोडून द्यायचं, बायकांची जातच तशी." मग दुसऱ्या हाताने उघडा दंड चोळत बसत.

तर या वसंतात महासंघाचं पत्र आलं. चौथऱ्याला विक्रमवीराचं नाव द्यायचं. मोसमाच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ज्याचा विक्रम उभा असेल त्याचं नाव रविवारी, अध्यक्षांच्या समक्ष, दगडावर कोरायचं. मापाड्यांनी पत्र तीनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी दगड बघायला गेले. एकवीस वर्षं ज्या दगडांवर बसून त्यांची पाठ धरली होती ते आता त्यांच्या नावाचे होणार होते. अक्षरांची उंची त्यांनी पट्टी लावून ठरवली. नाव जिथे येणार तिथे त्यांनी पेन्सिलीने दोन टिंबं काढली, आणि त्यांचं नाव त्या दोन टिंबांच्या मध्ये असं चपखल बसत होतं की पाथरवट म्हणाला, "दुसरं कुठलं नाव इथे बसायचंच नाही."

अडचण एकच होती. डॉक्टरबाई.

या दातांच्या डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी मंडळात आल्या. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बारीक नजरेने बघायची सवय, त्यामुळे जुन्या वह्यासुद्धा त्यांनी तशाच उघडून पाहिल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मापाड्यांना विचारलं होतं, "काका, सात ते आठ दाट धुकं, आणि चारशे पंधरा घारी? हवा तापल्याशिवाय घार उठत नाही ना?"

सगळं मंडळ ज्यांना 'सर' म्हणतं त्यांना 'काका' ऐकल्यावरच अर्धा राग आला होता. "त्या दिवशी हवा लवकर तापली होती."

"धुक्यात?"

"धुक्याच्या वर!"

"मग तुम्हाला दिसल्या कशा?"

"बाई, तुमचा अनुभव किती? वसंत किती पाहिलेत?"

दाढ दुखते म्हणून येणारा माणूस आपण रोज दोनदा दात घासतो असं सांगतो तेव्हा डॉक्टरबाई ज्या चेहऱ्याने मान डोलावतात, त्याच चेहऱ्याने त्यांनी मान डोलावली.

शेवटच्या शनिवारी आभाळ असं लख्ख होतं की मापाड्यांनी वर येतायेताच त्याला नावं ठेवली. "अशा हवेत पक्षी फार उंचावरून जातात. दिसत नाहीत." नऊ वाजता घारी दिसू लागल्या. दहा वाजता खिंडीवर चाळीस-पन्नासांचा गोल फिरत होता, आणि तो सुटतोय तोवर खाली दुसरा तयार होत होता. डॉक्टरबाई दुर्बीण डोळ्यांना लावून उभ्या होत्या. उजवा अंगठा खट् खट् चालला होता आणि मधूनच, एखादी घार रेषेवरून मागे फिरली की, डावा. दुपारी एक वाजता मी वहीत सहाशे बारा लिहिलं. मापाड्यांनी डोकावून पाहिलं आणि आणलेला डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

"डाव्या हाताची जबाबदारी आता माझी," ते म्हणाले. "प्रमुख या नात्याने. तुम्ही अधिक सांभाळा, मी वजा सांभाळतो. माणूस एकावेळी दोन कामं नीट करू शकत नाही."

"माझ्या डाव्या हातावर पाच झालेत," डॉक्टरबाई दुर्बीण न काढता म्हणाल्या.

"पाच धरले."

ते त्यांच्या मागे स्टूल टाकून बसले, तोंड उत्तरेकडे नाही, दक्षिणेकडे नाही, सरळ खालच्या कड्याकडे करून. कड्यावर घारींची एक जोडी राहते. या इथल्याच घारी. बारा महिने इथेच असतात, रेषेपलीकडच्या वस्तीतल्या उकिरड्यावर जातात आणि चोचीत काहीबाही घेऊन घरट्याकडे परत येतात. त्या प्रवासी नव्हेत म्हणून जाताना त्यांना कुणी मोजत नाही. पण परत येताना मापाड्यांचा अंगठा हलला. खट्.

डॉक्टरबाईंनी दुर्बीण खाली घेतली. "काका, ती कड्यावरची आहे."

"रेषा ओलांडली."

"घरी आली ती! जाताना मी मोजलीच नाही, तर येताना वजा कशी होईल?"

"नियम चौदा वाचा. रेषा उलटी ओलांडेल तो वजा. पक्ष्याचा पत्ता विचारून घ्यावा असं त्यात कुठेही नाही."

"मग मी जातानाही मोजते तिला."

"स्थानिक पक्षी मोजू नये, नियम अकरा."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीच्या समासात एक चौकट काढत होतो. ती चौकट नीट पूर्ण होणं त्या क्षणी फार गरजेचं होतं.

घरट्यात पिल्लं असावीत, कारण त्या दिवशी त्या जोडीने उकिरड्याच्या खेपांचा सपाटाच लावला. एरवी या घारींकडे ढुंकूनही न बघणारे मापाडी त्यांची वाट बघू लागले. चोचीत उंदराची शेपटी लोंबत घेऊन आलेली घार पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे वात्सल्य उमटलं ते मी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्. एकदा तर घरट्यातून नुसती उडून, झाडाला वळसा घालून परत आलेली घारही धरली.

पाच वाजता घारी थांबल्या. डॉक्टरबाईंच्या उजव्या काउंटरवर अकराशे एकतीस. मागे फिरलेल्या खऱ्या घारी नऊ. हे त्यांनी मनात धरलं होतं, नियम तीन मोडून. म्हणजे अकराशे बावीस. मापाड्यांनी डावा काउंटर उन्हाकडे धरून हळूहळू वाचला. "बावीस."

अकराशे नऊ. तीन घारी कमी.

"लिहा," मापाडी मला म्हणाले.

मी लिहिलं. या गोष्टीत कुणाची बाजू घेण्याचा मला फारसा अधिकार नाही, तो याच कारणाने.

"छान प्रयत्न, डॉक्टरबाई," मापाडी डबा उघडत म्हणाले. त्यांना आता सडकून भूक लागली होती. "तीनच कमी पडल्या. पुढच्या वसंतात बघा."

"पुढच्या वसंतात दगड बसलेला असेल ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पण त्यावर बसायला तुम्हाला कुणी मनाई करणार नाही."

रविवारी सकाळी खोली भरली. महासंघाचे अध्यक्ष आले. ते पाण्याचे पंप विकतात आणि घार व कावळा यांतला फरक त्यांना आकारावरून कळतो, दोन्ही शेजारी बसले तर. कोपऱ्यात पोत्यावर दगड आडवा ठेवला होता. 'जग' नीट कोरून झालं होतं, त्याखाली पेन्सिलीची दोन टिंबं, आणि शेजारी पाथरवट छिन्नीला धार लावत बसला होता. मापाड्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. अध्यक्षांनी आदल्या दिवशी फोन करून फोटोसाठी "सौभाग्यवतींनाही आणा" असं सांगितल्यामुळे वहिनींना अकरा वर्षांत पहिल्यांदाच या खोलीचा जिना चढायला मिळाला होता. खुर्ची सायकलवाल्याकडून आणली.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. गरुडझेप झाली, उंच भरारी झाली, मग पंखांखालचा वारा. वहिनींच्या पिशवीत विणकाम होतंच, पण भिंतीवर सहावा नियम बघून त्यांनी ते बाहेर काढलं नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि वेळ जावा म्हणून खोलीत लावलेल्या वस्तू बघत फिरू लागल्या. फोटो पाहिले, तेवीस नियम वाचले. मग काचेच्या कपाटापुढे थांबल्या. वाकल्या. पदराने काच पुसली.

"अहो," त्या म्हणाल्या. "हा तर माझा."

अध्यक्ष भरारीत अडकले. मापाडी हसून म्हणाले, "अगं, तो विक्रमाचा काउंटर."

"तो असेल. पण माझा आहे. कडीत हिरवी लोकर बांधलीय बघा. तुमचा आणि माझा सारखाच होता म्हणून मीच बांधली होती. दोन्ही मीच आणले होते ना बाजारातून, एक तुम्हाला घारींना, एक मला ओळींना."

"कसल्या ओळी?" अध्यक्षांनी विचारलं.

"विणकामाच्या. एक ओळ झाली की एकदा दाबायचं. मी मध्ये शून्य करत नाही हो, पाठ, पोट, बाह्या, सगळं एकाच आकड्यात ठेवते. त्या दिवशी डोंगरावर भिंतीवर ठेवला होता. यांनी सकाळी आपला शून्यावर आणला, शेजारी ठेवला, चहा प्यायले. मग मी विणायला घेतलं तर माझा कुठे दिसेना. दिवसभर नुसती बसून होते. संध्याकाळी भिंतीखाली पडलेला एक सापडला, त्यावर शून्य. म्हटलं, हा माझा नव्हे. तर हे म्हणाले, इथे माझा विक्रम झालाय आणि तुला स्वेटरची पडलीय."



"ओळी किती झाल्या होत्या, काही आठवतं का, काकू?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. बधिरतेचं इंजेक्शन देण्याआधी तो तसा असतो.

"आठवायचं कशाला? लिहिलंय." वहिनींनी पिशवीतून एक लहान वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली. "हे बघा. मंगळवार रात्र. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली. चारशे बारा. बुधवारी आम्ही डोंगरावर गेलो."

आकडा माझ्या वहीत होता, मला उठून बघायचीही गरज नव्हती. सुवर्णतास, चारशे पंधरा.

"म्हणजे धुक्यात घारी तीन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे पटतं. तीन येऊ शकतात."

"आणि दिवसभरात मग किती?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांनी बोटं मोजायला घेतली होती.

"सातशे."

"सातशे! म्हणजे बाकीचा स्वेटर?"

मागे कुणाला तरी हसू आवरलं नाही आणि त्याने ते शिंकेत घातलं. मापाड्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पारड्याखालचं मेण सापडलेल्या दुकानदाराचा असाच होत असेल. पण दुकानदाराला निदान मेण तिथे आहे हे ठाऊक तरी असतं. एखादा साधा माणूस इथे हसला असता, कपाळावर हात मारून खाली बसला असता, आणि आम्ही त्याला चहा पाजला असता. मापाडी उभे राहिले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "समजा, हिचं म्हणणं खरं आहे. समजा! तरी त्या चारशे बारा वजा कुठल्या नियमाने करणार?"

"नियमाने?" अध्यक्ष.

"वजावटीचा नियम क्रमांक चौदा. तो विक्रमानंतरचा आहे. ज्या दिवशी विक्रम झाला त्या दिवशी मंडळात वजाबाकीची तरतूदच नव्हती! यंत्रावर जो आकडा असेल तो धरायचा, बस. मागच्या तारखेने नियम लावता येत नाही. वाटल्यास कुणाही वकिलाला विचारा."

आणि मी शपथेवर सांगतो, अध्यक्षांनी मान डोलावली. "मुद्दा आहे," ते म्हणाले. दोन-तीन सभासदही "मुद्दा आहे, मुद्दा आहे" म्हणाले. एकाने तर असंही बोलून दाखवलं की ओळी तरी कुणी खोट्या मोजल्या होत्या, त्याही प्रामाणिकपणे मोजलेल्याच आहेत. एकवीस वर्षं आभाळाकडे बघितल्यावर माणसाच्या मानेवर काय काय शिल्लक राहतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"मग नाव काय घालू?" पाथरवटाने विचारलं. "मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

"यंत्रावर अकराशे बारा आहे," मापाडी म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. "नियम नऊप्रमाणे यंत्र जपलेलं आहे, आकड्यासह. जोवर त्यावर तो आकडा आहे तोवर विक्रम उभा आहे. काय अध्यक्षसाहेब?"

"आकडा तर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"घाला नाव."

पाथरवटाने छिन्नी पहिल्या टिंबावर टेकवली.

कपाटाला कुलूप नव्हतं. किल्ली पहिल्याच वर्षी हरवली होती. वहिनींनी दार सरकवलं, मखमलीवरून काउंटर उचलला, फुंकर मारून धूळ उडवली. या गोंधळात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शून्यावर आणायची बाजूची चावी अकरा वर्षांत घट्ट बसली होती; त्यांनी ती पदरात धरून जोर लावला. किर्र झालं. मग आकडे गरगर फिरले.

खट्. चार शून्यं.

त्या आवाजाला त्या खोलीतला प्रत्येक माणूस झोपेतही ओळखेल. सगळ्या माना एकदम वळल्या. मापाड्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, आणि डॉक्टरबाईंनी सवयीने त्यात पाहिलं.

वहिनींना नववा नियम माहीत होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. भिंतीवरचे तेवीसही त्यांनी वाचले होते, एवढं मी पाहिलं होतं.

अध्यक्षांनी माझ्याकडून वही मागून घेतली, आदल्या दिवशीचं पान काढलं, आणि पंपाचं बिल तपासावं तसं बोट फिरवत वाचलं. "मग आता उभा विक्रम कुणाचा? अकराशे नऊ. हे कोण?"

"मी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाव सांगा बाई, सावकाश," पाथरवट म्हणाला. त्याने ते ऐकलं, टिंबांकडे पाहिलं, बोटांनी वीत घातली. "हे लहान आहे. दोन्ही बाजूंना मोकळं दिसेल. एकेक घार कोरू का?"

मापाडी सायकलवाल्याच्या खुर्चीवर बसले. इस्त्रीचा सदरा बसताना पाठीवर चुरगळला. त्यांच्या आतल्या खिशातून महासंघाचं पत्र थोडं वर आलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने आत ढकललं. डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला, तो तसाच राहिला.

वहिनी त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून एका बाहीचा स्वेटर काढून त्यांनी तो नवऱ्याच्या दंडाला लावून पाहिला, लांबी अजून बरोबर येते का ते. येत होती. मग काउंटर त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "दुसरी बाही घेते आता, थांबले होते तिथून. माझा अंगठा हल्ली दुखतो, तेवढं चारशे बारा वेळा दाबून द्या ना."